निरोप गेला

दमयंती पाटोदेकर नेटवर्कचा पहिला तास घ्यायची तेव्हा फळ्यावर काही लिहिण्याआधी वर्गाला विचारायची, "गावाकडून डबा कुणाकुणाचा येतो?"

निम्मे हात वर व्हायचे. गंगापूर, सिल्लोड, अंबड, पैठण. सकाळी आई भाकरी बांधून देणार, भाऊ तो डबा एसटीत ठेवणार, आणि दुपारी पोरगं बसस्थानकावर जाऊन डब्यांच्या ढिगातून आपला डबा शोधून काढणार.

"बस चुकली तर?"

"मग पुढच्या बसनं येतो, मॅडम."

"तोवर?"

"तोवर उपाशी."

वर्ग हसायचा. मग ती म्हणायची, "मी याच्यावरच संशोधन करते."

ते खरंच होतं. जगातली बहुतेक नेटवर्क असं धरून चालतात की दोन टोकांमधली वाट सतत चालू आहे. इकडून पाठवलं की क्षणात तिकडं पोचलं. दमयंतीचा प्रश्न वेगळा होता. वाट कधीच सलग नसेल तर काय करायचं? तर मधल्या कुणीतरी निरोप घ्यावा, जवळ ठेवावा, आपल्या वाटेनं जात राहावं, आणि पुढचा भेटला की त्याच्या हाती द्यावा. एसटीतल्या डब्यासारखा. उशीर होईल, पण पोचेल. तो किती उशिरा पोचेल, किती वेळा हरवेल, कुणाच्या हाती दिला तर लवकर जाईल, याचं गणित तिनं बंगळूरला पीएच.डी.त मांडलं होतं. तिच्या गाइडनं तिला तिथंच थांबायला सांगितलं. परदेशातून एक बोलावणंही आलं होतं. पण त्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला. वडील, तात्यासाहेब, टेलिफोन खात्यातून कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना साधा चहा करता यायचा नाही. दोन वर्षांपुरती म्हणून ती औरंगाबादला परत आली. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली.

जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, माळावर एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं. तिथं ती लागली. आठवड्याला अठरा तास, शिवाय पेपर तपासणं आणि तपासणी समित्यांसाठी फायली भरणं. ती रुजू झाली तेव्हा मुकुंदवाडी ओलांडली की दोन्ही बाजूंना ज्वारी दिसायची. पुढच्या पंधरा वर्षांत ज्वारीच्या जागी गाड्यांच्या शोरूम आल्या, मंगल कार्यालयं आली, शेंद्र्याला कारखाने आले. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं तिनं दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि तिच्या गॅलरीतून दिसणारं शेवटचं शेतही एका वर्षी बिगरशेती झालं. लग्नाचं कुणी विचारलं की तात्यासाहेब मान खाली घालायचे. म्हणून लोकांनी विचारणं सोडून दिलं.

संशोधन रविवारी व्हायचं. कॉम्प्युटरवर खोटी गावं, खोट्या बस, खोटे निरोप. वर्षातून एखादा पेपर ती कुठंतरी पाठवायची आणि तो परत यायचा. कल्पना चांगली आहे, पण प्रत्यक्षात याची गरज कुठं आहे, असं परीक्षक लिहायचे.

लॅबमध्ये तिच्या जोडीला फारूख सौदागर होता. शहागंजला त्याच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ती बोटं फारूखकडं आली होती. पदानं लॅब असिस्टंट, पण दमयंतीचं गणित त्याला आकृतीवरून कळायचं. ती त्याला फारूखभाई म्हणायची, तो तिला मॅडम. चौदा ईदा तिनं त्याच्या घरी शीरखुर्मा खाल्ला होता. त्याची बायको जहांआरा दर वेळी एक डबा तात्यासाहेबांसाठी वेगळा बांधून द्यायची.

२०१२ साली पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. पुढच्या फेब्रुवारीत कॉलेजनं होस्टेल बंद केलं, पाणी नव्हतं म्हणून. मुलं पेट्या घेऊन गावी गेली. वर्गात वीस-बावीस जण उरले. त्या दिवसांत एकदा दोघं लॅबच्या खिडकीपाशी चहा घेत उभे होते. समोर जालना रोडवरून टँकर चालले होते, एकामागून एक.

"मॅडम," फारूख म्हणाला, "आपण एसटी, एसटी करतो. पण हे बघा ना. एसटी एखाद्या गावाला जाणार नाही. टँकर रोज जाणार. सरकारला न्यावंच लागणार. आणि जिथं पाणी नाही, तिथंच नेमकी रेंजपण नाही."

दमयंतीनं कप खाली ठेवला.

पंधरा दिवसांत त्यांनी आठ टँकरना पेट्या बसवल्या. फारूखनं त्या स्वतः बनवल्या होत्या, विजेच्या जोडण्या झाकायला वापरतात तसल्या प्लास्टिकच्या डब्यांत. ड्रायव्हरच्या केबिनमागं घट्ट बसायच्या. गावात एक जुना बटनांचा फोन आणि तशीच एक पेटी. फोनवर निरोप लिहायचा. टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतायला आला की त्याच्यावरची पेटी तो निरोप उचलायची. टँकर परत भरायच्या जागी आला की तिथं रेंज होती. तिथून निरोप कॉलेजच्या सर्व्हरला, आणि सर्व्हरवरून ज्याचा त्याला. उलट निरोप त्याच वाटेनं गावाकडं.

डोंगराच्या कुशीत पिंपळखोरा नावाचं गाव होतं, शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं. तिथं रेंज हवी असली तर देवीच्या माळावर चढावं लागायचं, तासाभराची चढण. गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या तिथल्या आशाताई म्हणजे मुक्ताबाई. तापाच्या गोळ्या संपल्या तरी कळवायला त्या माळ चढायच्या, आणि त्यांचा गुडघा दुखायचा. फोन त्यांच्याच घरी ठेवला.

फोनच्या पडद्यावर काय दिसावं यावरून लॅबमध्ये थोडी चर्चा झाली होती. टँकरवरच्या पेटीनं निरोप उचलला की गावातल्या फोनवर दोन शब्द उमटणार होते. दमयंतीनं लिहिलं होतं, 'निरोप गेला'.

"'घेतला' लिहू या का?" फारूखनं विचारलं. "गेला कुठं अजून? टँकरमध्येच आहे."

"लोकांना घेतला म्हणजे काय कळणार, फारूखभाई? गेला म्हटलं की कळतं."

त्यानं मान डोलावली. गोष्ट तिथंच संपली.

पिंपळखोऱ्यात त्या पेटीचा सगळ्यात जास्त वापर द्वारकाबाईंनी केला. मुक्ताबाईंच्या शेजारी राहायच्या, पन्नाशीच्या, विधवा. एकुलता मुलगा वैजनाथ शेंद्र्याच्या एका कंपनीत होता आणि मुकुंदवाडीत खोली करून राहायचा. द्वारकाबाईंना लिहिता येत नव्हतं. रोज दुपारी टँकरच्या आधी त्या मुक्ताबाईंच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि निरोप सांगायच्या. मार्चमध्ये दमयंती गावात गेली तेव्हा द्वारकाबाईंनी तिला समोर बसवून विचारलं,

"माझा निरोप तुमी वाचता का?"

"नाही. कुणाचाच वाचत नाही. तसा नियमच आहे."

"मंग बरंय. लई शिव्या हायेत त्याच्यात. पोरगं वक्तावर जेवत नाय माझं."

ओट्यावरच्या बाया हसल्या. दमयंतीही हसली. बंद खोलीत पंधरा वर्षं जे आकड्यांत हललं होतं, ते असं एका बाईच्या तोंडून ऐकताना तिला काय वाटलं, ते तिनं परतीच्या वाटेवर फारूखलाही सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी स्कूटरवर मागं बसून ती गुणगुणत होती, आणि ते त्यानं ऐकलं.

एप्रिलपर्यंत अकरा गावांतून शेकड्यांनी निरोप येऊ लागले. शंभरातले अठ्ठ्याण्णव त्याच दिवशी पोचत होते. मुक्ताबाईंनी गोळ्या मागवल्या तर दुसऱ्या दिवशी टँकरच्या ड्रायव्हरकडूनच यायच्या. माळ चढायचं कुणाच्या मनातही येईना. दमयंतीचा जुना विद्यार्थी विश्वजित जर्मनीत एका विद्यापीठात शिकवत होता. त्यानं आकडे पाहिले आणि फोनवर अक्षरशः ओरडला. "मॅडम, असं प्रत्यक्षात कुणी केलेलं नाही! मी लिहायला बसतो. तुम्ही फक्त मोजत राहा, आणि मध्ये हात घालू नका. जसं आहे तसं मोजायचं."

दोघांनी मिळून पेपर लिहिला. पहिलं नाव तिचं, दुसरं फारूखचं, तिसरं विश्वजितचं.

तेरा मेला, सोमवारी, पिंपळखोऱ्यात सकाळपासून चार जणांना जुलाब सुरू झाले. द्वारकाबाई त्यांतल्या एक. विहिरीत ओतलेल्या पाण्याला वास येत होता. मुक्ताबाईंनी लिहिलं : चार जणांना जुलाब, उलट्या. पाण्याला वास. सलाइन आणि डॉक्टर पाठवा. दुपारी टँकर आला, पाणी ओतून गेला. फोनवर अक्षरं उमटली. निरोप गेला.

परतीच्या वाटेवर करमाडच्या पुढं टँकरच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हरनं तो ओढत एका गॅरेजला नेला आणि तो तिथंच उभा राहिला. गॅरेज खोलगट जागी, पत्र्याच्या शेडखाली. निरोप पेटीत होते, पण तिथं रेंज नव्हती आणि पुढं जायला वाट नव्हती.

मंगळवारी पिंपळखोऱ्याला दुसरा टँकर आला. त्याला पेटी नव्हती. पण गावानं टँकर आलेला पाहिला आणि टँकर गेलेला पाहिला. केबिनमागं बघणार कोण? डॉक्टर आज नाही तर उद्या येतील, असं मुक्ताबाई घरोघर सांगत फिरल्या. जवळ होती तेवढी साखर-मिठाची पाकिटं त्यांनी वाटली. बुधवारीही सगळे डॉक्टरांचीच वाट बघत राहिले. आजारी माणसं नऊ झाली.

बुधवारी अकरा वाजता लॅबमध्ये फारूख पडद्यासमोर बसला होता. "मॅडम, पिंपळखोऱ्याचं दोन दिवस काहीच नाही. ड्रायव्हरला फोन लावू का?"

दमयंती उठून त्याच्या मागं येऊन उभी राहिली. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा उशीर एकोणीस तासांचा होता. सोमवारच्या फेरीपासून धरला तर हा चव्वेचाळीस तासांचा. तिनं तारीख आणि वेळ वहीत लिहून घेतली.

"नको," ती म्हणाली. "फोन केला तर आपण त्याला हलवल्यासारखं होईल. मग मोजलं काय? आपल्याला बघायचंच हे आहे, की आपण काही न करता कधी पोचतं."

"पण गावात काही..."

"गावात टँकर जात असणारच, फारूखभाई. पाण्याशिवाय राहतील का? बहुतेक पेटीचा सेल गेला असेल. शुक्रवारी जाऊन बघू."

गुरुवारी पहाटेपासून द्वारकाबाईंना बोलता येईना. मग मात्र कुणी थांबलं नाही. दीराच्या मुलानं मोटारसायकल काढली, मागं एकानं त्यांना धरलं, आणि एकानं माळावर पळत जाऊन वैजनाथला फोन लावला. करमाडच्या अलीकडं त्यांची मान पडली. तरीही त्यांना घाटी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तपासून, त्या वाटेतच गेल्याचं सांगितलं.

त्याच दुपारी सव्वा वाजता पाटा बदलून टँकर गॅरेजमधून निघाला आणि भरायच्या जागी येऊन रांगेत लागला. लॅबमधला सर्व्हर वाजला. पडद्यावर ओळ आली : पिंपळखोरा, सात निरोप पोचले. दमयंती एकदम म्हणाली, "आले! सत्तर तास. फारूखभाई, एकही हरवला नाही!"

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना निरोप मिळाला आणि तासाभरात त्यांची गाडी पिंपळखोऱ्यात पोचली. बाकीचे आठ जण वाचले. त्या डॉक्टरांनीच संध्याकाळी कॉलेजला फोन केला. निरोपावर सोमवारची तारीख कशी काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

फोन ठेवल्यावर दमयंतीनं पडद्याकडं पाहिलं. सर्व्हरनं आपला हिशेब केला होता. त्या आठवड्यात पोचलेले निरोप : शंभर टक्के.

दहाव्याला ती पिंपळखोऱ्याला गेली. फारूख बरोबर होता. मुक्ताबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाणी विचारलं, तांब्या पुढं केला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "निरोप गेला असं तुमच्या फोननंच सांगितलं ना?"

"हो."

"मी तीन डाव वाचून बघितलं. गेला म्हणून लिहिलं व्हतं. न्हाय तर मी माळ चढले असते. गुडघा काय, रांगत गेले असते."

"चूक माझी आहे, मुक्ताबाई. तो शब्द माझा. आणि बुधवारी मला कळलं होतं की तुमच्याकडून काही येत नाही. मी फोन करू दिला नाही."

फारूखनं तिच्याकडं पाहिलं. हे ती सांगेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मुक्ताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "का?"

दमयंतीकडं उत्तर होतं. ते मुक्ताबाईंच्या ओट्यावर बसून सांगता येण्यासारखं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मी सगळ्या पेट्या काढून नेते."

"काढून नेते?" मुक्ताबाई ताडकन उठल्या. "आन् आमी परत माळ चढायचा? बाई गेली आमची, आन् तुमच्या जिवाला बोचतंय म्हणून पेटीबी न्यायची? हे काय बोलायलात तुमी? राहू द्या पेटी. फकस्त खरं काय ते सांगा तिला आमाला सांगायला."

दमयंतीनं त्या दिवशी ओट्यावर बसूनच फोनचा शब्द बदलला. 'टँकरनं घेतला. अजून पोचला नाही.' आणि दुसऱ्या टोकाकडून खूण आली तरच, 'पोचला'. बदलायला वीस मिनिटं लागली.

त्यानंतर पाऊस येईपर्यंत रोज संध्याकाळी सहाला ती आठही ड्रायव्हरना फोन करायची. टँकर चालू आहे का, उद्या कोण जाणार, पेटीवरचा दिवा दिसतोय का. ड्रायव्हर वैतागायचे. एकानं तर नंबरच बंद केला, तर ती फारूखला घेऊन त्याच्या घरी गेली. असं केल्यानं मोजमापाला काही अर्थ उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. वहीत तिनं सोळा मेनंतर एकही आकडा लिहिला नाही.

जुलैत विश्वजितचा फोन आला. पेपर स्वीकारला होता. ज्या परिषदेत आपला पेपर वाचला जावा असं या विषयातल्या प्रत्येकाला वाटतं, त्याच परिषदेत. डिसेंबरमध्ये जायचं होतं. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी दमयंतीला पहिल्यांदा देशाबाहेर पाऊल टाकायला मिळणार होतं. तात्यासाहेबांनी शेजारी पेढे वाटले.

"मला त्यात दोन पानं घालायची आहेत," ती विश्वजितला म्हणाली. "पिंपळखोऱ्याबद्दल."

तिनं लिहून पाठवलेली पानं त्यानं वाचली. दोन दिवसांनी तो अडखळत बोलला. "मॅडम, मला खूप वाईट वाटतं. खरंच. पण हे या पेपरमध्ये बसत नाही. एक घटना म्हणजे निष्कर्ष नव्हे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आणि पद्धत चुकली नाही. निरोप हरवले नाहीत. पोचले."

"पोचले, विश्वजित. बाई पोचली नाही."

"मी वेगळं लिहू म्हणतो. पुढच्या वर्षी, स्वतंत्र."

"मग माझं नाव काढ."

"मॅडम, असं करू नका. सगळं काम तुमचं आहे."

"म्हणूनच काढायला सांगते."

त्यानं आठवडाभर रोज फोन केला. एकदा तो रडलाही. फारूखनंही आपलं नाव काढायला सांगितलं. दमयंतीनं त्याला समजावलं, पण त्यानं ऐकलं नाही. "तुम्ही नाही तर मी कशाला?" एवढंच म्हणाला. पेपर विश्वजितच्या एकट्याच्या नावानं वाचला गेला. शेवटी लहान अक्षरांत दोघांचे आभार होते. पुढं तो पेपर जगभर वाचला गेला. त्यावरून इतरांनी काम केलं, बक्षीस मिळालं, एक कंपनीही उभी राहिली. ती वेगळी दोन पानं कुठंही आली नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी कॉलेजच्या फाटकावर कंपनीच्या निळ्या शर्टातला एक तरुण येऊन उभा राहिला. वैजनाथ. शिपायानं त्याला लॅबमध्ये आणलं. तो दारातच थांबला.

"मॅडम, आईचे निरोप तुमच्याकडं असतेत का अजून? माझ्या मोबाइलमधून उडाले सगळे. पाण्यात पडला व्हता."

निरोप होते. संशोधनासाठी सगळे कुलूपबंद ठेवलेले असत, कुणी न वाचलेले. दमयंतीनं द्वारकाबाईंच्या नावापुढचे निरोप शोधले. एकोणसाठ निघाले. तिनं ते कागदावर छापायला लावले आणि मुद्दाम तोंड खिडकीकडं केलं. वैजनाथ टेबलाशी उभ्यानंच वाचत गेला. मध्ये एकदा हसला. मग शेवटच्या कागदाशी थांबला आणि तो तिच्याकडं सरकवला.

"वाचा मॅडम."

"नको. मी नाही वाचत."

"वाचा. मी सांगतोय ना."

तिनं वाचलं. सोमवार, तेरा मे. पोट बिघडलंय जरासं. मुक्तीनं औषधाचा निरोप धाडलाय, येतंय उद्या. तू पळत येऊ नको, ऊन लई हाय. रविवारी ये. येताना कलिंगड आण.

"हे मला गुरुवारी दुपारी आलं," वैजनाथ म्हणाला. "घाटीत बसलो व्हतो बाकड्यावर. आत आई. मोबाइल वाजला, नाव बघितलं तर आईचं. मॅडम, मला वाटलं, काहीतरी चुकलंय डॉक्टरांचं. मी आत पळालो."

दमयंतीनं तो कागद बाकीच्या कागदांवर ठेवून सगळे त्याच्यापुढं सरकवले. वैजनाथनं हात जोडले. "तुमाला बोलायला नाय आलो. हे कागद पायजे होते. एवढंच." कागदांची घडी शर्टाच्या खिशात बसेना. फारूखनं कपाटातून एक नवी फाइल काढून दिली, आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला.

पुढची दोन वर्षंही पाऊस रुसलेलाच राहिला. कॉलेजात मुलं येईनात. उन्हाळ्यात प्राध्यापकांना गावोगाव पाठवून विद्यार्थी आणायला सांगत, आणि दमयंती ज्या गावात जाई तिथं पोरं शिक्षण सोडून शेंद्र्याच्या नाहीतर पुण्याच्या वाटेला लागलेली असत. २०१७ साली त्यांची शाखा बंद झाली. लॅबमधले कॉम्प्युटर टेम्पोत भरून गेले. फारूखनं क्रांती चौकाजवळ कॅमेरे बसवून देण्याचं दुकान काढलं. शहर वाढत होतं, त्याला काम कमी पडलं नाही. त्याच वर्षी तात्यासाहेब गेले. देवीच्या माळावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि पिंपळखोऱ्याची पेटी मुक्ताबाईंनी फडक्यात बांधून एसटीनं परत पाठवली.

दमयंती घरीच अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवू लागली. त्या मुलांना ती कोण होती हे माहीत नव्हतं, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात विश्वजित शहरात आला. पुन्हा दुष्काळ होता. मुकुंदवाडीला आठव्या दिवशी नळ यायचा. त्या दिवशी नळाची पाळी होती, म्हणून तिनं त्याला सकाळीच बोलावलं. केस पिकलेला, जाड झालेला विश्वजित जिना चढून आला, पाया पडला आणि सोफ्यावर अवघडून बसला. त्या पेपरवरून उभ्या राहिलेल्या त्याच्या कंपनीनं इकडं मोठं काम घेतलं होतं. त्याला ती हवी होती, सल्लागार म्हणून, घरबसल्या.

"मॅडम, सगळं तुमच्या त्या पेट्यांवरूनच उभं आहे. मला रोज वाटतं, की मी तुमचं काहीतरी घेऊन बसलोय."

"तू काही घेतलं नाहीस. मी दिलं होतं."

"मग परत या ना. इतकी वर्षं झाली. त्या बाईंचं... तुम्ही मुद्दाम तर केलं नव्हतं."

"नाही," दमयंती म्हणाली. "मुद्दाम नाही. मला फक्त बघायचं होतं, किती वेळ लागतो ते." ती थांबली. "तुला एक सांगू? बुधवारी वहीत तो आकडा लिहिताना मला आनंद झाला होता. इतका मोठा उशीर पहिल्यांदाच मिळाला म्हणून. हे मी फारूखभाईंनाही सांगितलेलं नाही."

विश्वजितनं समोरचा कप उचलला. त्यानं चहा संपवला. जाताना पुन्हा वाकला, आणि या वेळी तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो खाली उतरला, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. त्याच वेळी मोरीत नळाला सूं सूं करत हवा आली आणि मागून पाणी. दमयंतीनं नळी पिंपात सोडली आणि तिथंच दाराच्या उंबऱ्यावर बसली. सहा वर्षांत तिनं हे कधी कुणासमोर म्हटलं नव्हतं. ती रडायला लागली ती आवाज न करता, गुडघ्यांवर डोकं टेकून. पिंप भरलं. पाणी काठावरून मोरीत, मोरीतून बाहेर पॅसेजमध्ये आलं आणि जिन्याच्या पायऱ्या उतरू लागलं.

"दमयंतीताई!" खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. "अहो, पाणी वाहून चाललंय! नळ बंद करा! आठ दिवसांचं पाणी आहे!"

ती उठली आणि नळ बंद केला. मग फडकं आणून पॅसेजमधलं पाणी टिपून टिपून बादलीत पिळू लागली.